बांधाबाहेरचं पाणी

कुंडलिक भाजला तेव्हा त्याच्या आईनं, साळूबाईनं, पहिलं काम काय केलं, तर रांजणावर परात पालथी घातली. दारातला तांब्या उचलून उतरंडीमागं लपवला. मग सुनेचं मनगट धरून तिला बजावलं.

"त्येला पानी दावायचं न्हाई. मागंल, रडंल, माझी आन घालंल. थेंब द्यायचा न्हाई."

"आत्याबाई, त्यांचे व्हट बघा की," बनाबाई म्हणाली. तिच्या लग्नाला अजून वर्ष उलटायचं होतं.

"तू बघू नगंस."

राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेणकूट, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं. म्हणजे राब धडधडत नाही, धुमसत जातो. कुंडलिकनं तसाच पेटवला होता. पण दुपारी दरीतनं वारा फिरला, जाळ उभा राहिला आणि पेंढ्याच्या गंजीकडं झेपावला. गंजी वाचवायला कुंडलिक हिरवी फांदी घेऊन जाळावर तुटून पडला. धोतराचा सोगा पेटला ते त्याला कळलंच नाही. त्याचा चुलता गेनबा घोंगडी घेऊन धावला तोवर दोन्ही मांड्या, पोट आणि उजवा हात भाजून निघाले होते. गंजी मात्र वाचली.

चुन्याची निवळी खोबरेलात फेटून लावली. केळीच्या पानावर निजवलं. आणि कुंडलिक पाणी मागायला लागला.

साळूबाई काही दगडाच्या काळजाची बाई नव्हती. तिच्या माहेरी तिची धाकटी बहीण अशीच भाजली होती. दोन दिवस ती पाणी पाणी करत होती आणि घरानं मन घट्ट केलं होतं. शेवटी आईला राहवलं नाही. तिनं तांब्या तोंडाला लावला, पोर घटाघटा प्यायली आणि मान टाकली. तांब्या आईच्या हातातच राहिला. भाजलेल्याला पाणी म्हणजे विष, हे साळूबाईनं कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. पाहिलेलं होतं.

शिवाय डोळ्यांपुढं दिसत होतं ते वेगळंच. कुंडलिकच्या मांडीवर लिंबाएवढाले फोड आले होते आणि पाण्यानं टरारले होते. फोड नव्हते तिथं अंग सुजून तुकतुकत होतं, बोट दाबलं तर खळी पडत होती. अंगात एवढं पाणी झालेलं असताना वरून आणखी ओतायचं? भातखाचराच्या बांधाला भोक पडलं की शहाणा माणूस आधी वरचं पाणी तोडतो, मग बांध लिंपतो. वरनं पाणी चालूच ठेवणाऱ्याला लोक येडा म्हणतात.

"आये, पानी."

"व्हय रं माझ्या राजा. देते हां. जरा दम खा."

असं ती म्हणत राहिली.

आत

आत काय चाललं होतं ते वाडीत कुणाला दिसण्यातलं नव्हतं. अंगात केसाहून बारीक वाटा असतात. इतक्या बारीक की खिंडीतनं मेंढरं जावीत तसे रक्ताचे कण त्यांतनं अंग चोरून, एकामागं एक जातात. या वाटांना भिंत कसली, नुसता पापुद्रा. वाटेच्या वरच्या तोंडाला रक्ताचा रेटा असतो. त्या रेट्यानं पाणी पापुद्र्यातनं बाहेर झिरपतं, मांसाला भिजवतं, पोसतं. खालच्या तोंडाशी येईतो रेटा सरलेला असतो आणि रक्तात एक सत्त्व असतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं, ते पाण्याला धरून ठेवतं, बाहेर गेलेल्यातलं माघारीही ओढतं. जे मागं राहतं ते दुसऱ्याच पाटानं वळसा घालून पुन्हा रक्तात येऊन पडतं. जन्मल्यापासून हे चाललेलं असतं. बाहेर जाणं, परत येणं. झोपेतसुद्धा. कुणी त्याची खबर घेत नाही.

जाळ लागला आणि पापुद्रा उसवला. पाणी जायला लागलं ते जायलाच लागलं. त्याच्यामागं सत्त्वही गेलं. आता परत ओढणारं आत कुणी उरलं नाही.

बाहेर

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेनबानं आणि भावकीतल्या एकानं बांबूला धोतर बांधून झोळी केली. भोरला पुण्याचं शिकलेला डॉक्टर आहे, लढाईच्या दिवसांतही त्याच्याकडं औषध असतं, असं गेनबानं बाजारात ऐकलं होतं. साळूबाई आणि बनाबाई झोळीच्या दोन अंगांना चालत होत्या. डोंगर उतरून सगळे धरणाच्या पाण्याशी आले.

हैबती नावाडी तिथं नावेत बसून तंबाखू मळत होता. त्यानं झोळीत डोकावून पाहिलं आणि तंबाखू तशीच हातात राहिली.

"गेनबा, माझी नाव मढी न्हेत न्हाई हां."

"जित्ता हाय रं, भाड्या."

"मंग जित्ताच उतरवा म्हंजी झालं. बसा." मग साळूबाईकडं वळून तो खालच्या आवाजात म्हणाला, "आक्का, पोराच्या जिभंला काटं आल्यात. वाईच पानी तरी पाजा. पान्याला काय तोटा हाय हितं?"

"तू वल्हं मार."

उन्हाळ्यानं पाणी उतरलं होतं, तरी दोन्ही काठांना भिडलेलं होतं. कुंडलिकनं डोळे उघडले. हातभर अंतरावर पाणी लखलखत होतं. त्यानं भाजलेला हातच नावेच्या काठावर टाकला. कातडं फळीला चिकटलं तरी त्याला भान नव्हतं.

"आये, एवढं हाय की गं. एवढं हाय. त्यातलं चूळभर."

"न्हाई, बाळा."

"चूळ भरून थुकतो. गिळत न्हाई. तुज्या गळ्याची आन."

बनाबाईनं पदराचं टोक हळूच पाण्यात सोडलं. साळूबाईनं ते पाहिलं आणि पदर ओढून पिळून टाकला. सासू-सुना एकमेकींकडं बघत राहिल्या.

"तुमी त्यांस्नी मारताय," बनाबाई म्हणाली. सासूला असं बोलायची तिची ती पहिलीच वेळ होती.

"म्या वाचीवते त्येला. तुला काय ठावं गं? तुज्या आदी म्या पाजलाय त्येला."

गेनबा पाण्याकडं तोंड करून बसला. हैबती वल्हं मारत होता, वल्ह्यावरनं थेंब उडत होते. एक थेंब येऊन कुंडलिकच्या गालावर पडला. तो चाटायला त्यानं मान वळवली, जीभ बाहेर काढली, आणि साळूबाईनं पुढं होऊन पदरानं तो थेंब

आत

पुसला. एका थेंबाचं ते काय. आत घागरीच्या घागरी पाझरून गेल्या होत्या. गेलेलं पाणी दूर कुठं गेलं नव्हतं, तिथंच होतं, वाटेच्या पलीकडं, बोटभर खोल, मांसात साचून राहिलेलं. वाटेत उरलं ते घट्ट होत चाललं होतं. गुऱ्हाळात काकवी आटते तसं. खिंडीत मेंढरं एकमेकांना भिडून खोळंबली होती. पुढं सरकायला पाणी नाही. काळीज धापा टाकत होतं, पण ढकलायचं काय? मूत्रपिंडांपर्यंत रेटा पोचेना, तेव्हा त्यांनी काम थांबवलं.

तहान लागते ती याचीच. बाहेर किती साचलं याची तहानेला खबर नसते. वाटेत किती उरलं, एवढंच तिला कळतं.

बाहेर

भाटघरला उतरून बैलगाडीनं भोर. डॉक्टरांचं नाव आनंदराव. दवाखाना म्हणजे पुढची खोली, मागं खाटा टाकलेली पडवी. त्यांनी कुंडलिकची नाडी धरली, पापणी खाली ओढून पाहिली, बोटाला सुई टोचली. रक्त आलं, पण ओघळलं नाही. बोटावर काळपट टिकलीसारखं बसून राहिलं.

"पाणी किती दिलंत?"

गेनबा छाती काढून पुढं झाला. "थेंब न्हाई, डाक्तर. पुरता बंदोबस्त केला. वैनींनी धरणातनं आनला तरी व्हट भिजू दिला न्हाई."

डॉक्टरांनी बोट सोडलं. सुई ताटलीत ठेवली, ती खाली पडली, पुन्हा उचलली.

"भाजल्यापासून लघवी झालीय का?"

"पानीच न्हाई तर व्हईल कशी?" साळूबाई म्हणाली.

"तेच विचारतोय मी, बाई." त्यांचा आवाज चढला, मग उतरला. "याच्या रक्तातलं पाणी गेलंय. रक्ताच्या बारीक नळ्या भाजून सच्छिद्र झाल्यात, त्यातनं सगळं पाझरतंय. ही सूज आहे ना, हे फोड, हे त्याच्या रक्ताचंच पाणी. बाहेर पडलंय आणि परत जाता येत नाही. आत कोरड पडलीय."

साळूबाई खाटेचा पाय धरून खाली बसली होती.

"म्हंजी बांधाला खेकड्यांनी बिळं पाडल्यावानी."

"तसं समजा."

"मंग वरचं पानी तोडाय नगं? बिळं बुजवाय नगं आदी?"

"ही बिळं मला बुजवता येत नाहीत. कुणालाच येत नाहीत. ती आपली आपण बुजतात, दोन दिवस घेतात. तुमचं खाचर दोन दिवस कोरडं पडलं तर काय बिघडतं?"

"त्यात काय लावलंय त्यावर हाय," साळूबाई म्हणाली. आणि बोलता बोलता तिला कळलं. रोप असेल तर जातं. रोप असेल तर बिळं पडलेली असतानाही वरनं पाणी चालू ठेवावं लागतं, रात्रंदिवस, बांध धरेपर्यंत. हे तर तिनं केलेलं होतं. स्वतःच्या हातानं केलेलं होतं. ती तोंडात पदर कोंबून हमसायला लागली. डॉक्टर तोवर मीठ शोधत होते.

शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या लढाईवर गेल्या होत्या. पुण्याला माणूस धाडला तरी बाटली मिळेल न मिळेल. डॉक्टरांनी तांब्यात चमचाभर मीठ आणि थोडा खायचा सोडा ढवळला. "नुसतं पाणी द्यायचं नाही. मिठाचंच. मीठ असलं तर पाणी आत धरतं."

"भाजल्यावर मीठ?" बनाबाई दचकून म्हणाली.

"पोटात, गं. कातडीवर नाही."

तान्ह्या मुलाला दूध पाजायचं बोंडलं कुणीतरी शेजारनं आणलं. साळूबाईनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोंडल्याची चोच त्याच्या ओठांत दिली. कुंडलिक हिसका मारून प्यायला. लगेच सगळं उलटून पडलं.

"पुन्हा द्या."

पुन्हा दिलं. पुन्हा पडलं.

"पुन्हा. थोडं कमी. पण थांबू नका."

ती थांबली नाही. बोंडलं, ओकारी, पुसणं, बोंडलं. बनाबाई पाणी ढवळून देई, गेनबा ओकारीचं घमेलं धुऊन आणी. सकाळपर्यंत कुंडलिकचं तोंड असं सुजलं की डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा राहिल्या. साळूबाईला स्वतःच्या पोराचा चेहरा ओळखू येईना. कपाळावरची देवीची खूण तेवढी होती, ती चाचपून ती खात्री करून घेई की मांडीवर कुंडलिकच आहे.

खाटेखाली पितळेचं भांडं ठेवलं होतं. डॉक्टर येत आणि आधी खाली वाकत.

"झाली?"

"न्हाई."

पाणी आता पोटात ठरत होतं. भांडं कोरडंच होतं.

"झाली?"

"न्हाई, डाक्तर."

एकदा गेनबा म्हणाला, "एवढ्या पान्यानं मुताय हवं व्हतं बैलासारखं," आणि स्वतःच हसला. हसता हसता डोळे पुसत बाहेर गेला.

"झाली?"

साळूबाईनं मान हलवली. तिच्या मनात एकच गणित फिरत होतं. घरी रांजण होता. डोंगरावर झरा होता. धरण होतं. यातलं एक जरी तिनं त्याच्या तोंडाशी जाऊ दिलं असतं

आत

पापुद्रा सांधत होता. कुणी लिंपला नाही, आपला आपण. सत्त्व बाहेर पडायचं थांबलं. मांसात साचलेलं पाणी दुसऱ्या पाटानं वळसा घालत निघालं, आणि वाटांतनंही थोडं थोडं परत शिरू लागलं, आधी भीत भीत, मग लोंढ्यानं.

बाहेर

"उतार पडला!" साळूबाई ओरडली. "डाक्तर, सूज उतरली. डोळं दिसाय लागलं त्येचं. बघा की!"

डॉक्टरांनी पाहिलं. हसले नाहीत. नळी पाठीला लावून खूप वेळ ऐकत बसले, इकडं, तिकडं, पुन्हा इकडं. मग बनाबाईच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"आता पाणी बंद."

"आं?"

"बाहेरचं पाणी परत रक्तात येतंय. सगळं एकदम. आणि मोरी अजून तुंबलेली आहे, लघवी नाही. आणखी वरून घातलं तर ते फुफ्फुसात चढेल. चढायला लागलंय. घरघर ऐकू येतेय मला."

"काल म्हनला थांबू नगा."

"काल म्हणालो. आज थांबायचं."

"म्हंजी मागितलं तरी," साळूबाई म्हणाली, "मागितलं तरी त्येला पानी द्यायचं न्हाई."

"नाही. थेंबही नाही."

तिनं हे वाक्य याआधी कुठं ऐकलं होतं ते तिला आठवावं लागलं नाही. ते तिचंच होतं.

बनाबाई म्हणाली, "माझ्याच्यानं बसवायचं न्हाई हितं." गेनबा तर उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. तिथनंच म्हणाला, "वैनी, तुमीच बसा. तुमास्नी सवय हाय." बोलल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली. पण शब्द गेला तो गेला.

साळूबाई बसली. उशाशी उंच उशी देऊन कुंडलिकला टेकवून बसवलं होतं. त्याला आता शुद्ध होती, हेच वाईट होतं. भ्रमात असता तर बरं, असं आईनं मनात म्हणावं, तशी वेळ होती.

"आये, पानी."

"डाक्तर नगं म्हनत्यात."

"थोडं."

"छातीत चढंल रं. आत लई झालंय. आता खरंच लई झालंय."

कुंडलिकनं तिच्याकडं पाहिलं. श्वासाला घरघर लागली होती, शब्द तुटत होते.

"तवा बी... असंच म्हनलीस. नावंत."

तिला सांगायचं होतं की तेव्हा माझं चुकलं आणि आता चुकत नाही. तेव्हा बाहेरचं दिसत होतं आणि आतलं कळत नव्हतं, आता आतलं कळतंय. पण ओठ चिरलेल्या पोराला यातलं काय सांगायचं? आणि तिला तरी कुठं पक्कं ठाऊक होतं? डॉक्टरांवर विसंबून बसली होती एवढंच. उद्या दुसरा डॉक्टर म्हणाला असता, याचंही चुकलं, तर? तिनं कान त्याच्या छातीला लावला. आत खरंच पाणी वाजत होतं, ओढ्यातल्या गोट्यांवरनं वाजतं तसं. ती त्या आवाजाला धरून बसली. तेवढाच एक पुरावा तिच्यापाशी होता.

कुंडलिक मागत राहिला. ती नाही म्हणत राहिली. मधे एकदा त्यानं तिला शिवी दिली. "दे, अजून दे," ती म्हणाली. शिवी द्यायला श्वास लागतो, तो होता अजून.

उन्हं कलली तेव्हा खाटेखाली आवाज झाला.

इतका बारीक की ती आधी समजली नाही. मग वाकली. पितळेच्या तळाला काळसर, घोटभर काहीतरी होतं, कोऱ्या चहासारखं. बघता बघता आणखी आलं.

"डाक्तर!"

आनंदराव जेवता जेवता उठून आले, खरकट्या हातानं भांडं उजेडाकडं धरलं. वास घेतला, तिरकं केलं, पुन्हा पाहिलं. साळूबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"मोरी सुटली," ते म्हणाले. भांडं पुन्हा खाटेखाली ठेवलं. "वाट बघू." त्यांनी वाट पाहिली. भांडं एकदा रिकामं केलं, पुन्हा लावलं, तेही भरत आलं. कुंडलिकची घरघर खाली बसत गेली. दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. "कातडीचं दुखणं पुढं आहे, ते लांबेल, त्यालाही जपावं लागेल. पण पाण्यानं मरायचा नाही हा आता. द्या थोडं. सावकाश."

साळूबाईनं बोंडलं भरलं. अर्धं लुगड्यावरच सांडलं. तिनं चोच पोराच्या ओठांशी नेली.

कुंडलिकनं तोंड मिटलं.

"पी, बाळा. आता चालतंय. डाक्तरच म्हनलं."

तो छपराकडं बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. चोच ओठांना लागली तशी त्यानं मान बाजूला केली, जनावर अनोळखी हातापासून करतं तशी.

"बने," तो म्हणाला.

बनाबाई उंबऱ्यातनं आत आली. तिनं सासूकडं पाहिलं. साळूबाईनं बोंडलं तिच्या हातात दिलं आणि उठून जागा करून दिली. कुंडलिकनं तोंड उघडलं. एक घोट घेतला, मग दुसरा.

तिसऱ्या घोटाला त्याची नजर आईकडं वळली आणि घोट तोंडातच थांबला.

तशी साळूबाई पडवीतनं बाहेर पडली. दाराच्या आड, त्याला दिसणार नाही अशी, भिंतीला चिकटून उभी राहिली.

"मी गेले गं," तिनं तिथनंच सुनेला सांगितलं. "आनखी दे. सांडू नगंस."

आणि जागची न हलता, श्वास धरून, तो गिळतोय का ते ऐकू लागली.